दौंडाहून निघालेलं वारं

सकाळी शाळेला निघायचं म्हणजे आधी मला माझी स्कूटी सोडवावी लागायची. आमचे घरमालक ती रोज संध्याकाळी पडवीच्या खांबाला सुतळीनं बांधून ठेवायचे. चोराच्या भीतीनं म्हणाल, तर किल्ली गाडीलाच लटकत राहिली तरी त्यांना त्याचं काही नसायचं. त्यांचं वैर फक्त वाऱ्याशी होतं. "बाई, वाऱ्याचा काय भरवसा हाय?" एवढं म्हणायचे आणि बांधायचे. आणि गाठ तरी कसली मारायचे! जितकी ओढावी तितकी आवळायची. आता उशीर झाला की मुख्याध्यापकांना मी कारण काय सांगायचं, कपाळ? गाठ सुटत नव्हती सर? एकदा वैतागून कात्रीनं सुतळी कापली, तर ह्या गृहस्थानं माझ्याशी बोलणंच सोडलं. शेवटी मीच चहाचा कप घेऊन गेले आणि सांगितलं, "मामा, चुकलं, पण निदान सुटेल अशी गाठ मारा." तर म्हणतात, "सुटती तिला गाठ का म्हनायचं?"

मांडवगण फराट्याच्या पुढं एका वस्तीवरच्या शाळेत माझी बदली झाली होती. राहायला खोली मिळाली ती भीमेच्या काठावर, ह्याच मामांच्या मळ्यात. सगळी वस्ती त्यांना मामा म्हणायची म्हणून मीही म्हणायला लागले, आणि त्यांच्या बायकोला मामी. मुलगी लग्न होऊन सासरी गेलेली. घरात दोघंच. दारात एक म्हैस, आणि अंगणात एक होडी.

हो, अंगणात होडी! खोली बघायला गेले तेव्हा मी आधी तीच बघितली. लाकडाची, काळ्या डांबराची, चांगली ऐसपैस. नदी खाली दिसत होती, होडी वर तुळशीशेजारी.

तिकडं भीमेच्या अलीकडं शिरूर तालुका आणि पलीकडं दौंड. पूल व्हायच्या आधी ह्या काठावरून त्या काठाला माणसं न्यायचं काम मामा करायचे, त्यांच्या आधी त्यांचे वडील. दुधाच्या किटल्या, वऱ्हाडं, अवघडलेल्या बायका, मतपेट्या, वढू बुद्रुकला समाधीच्या दर्शनाला निघालेली पलीकडची मंडळी, सगळं ह्या होडीतून गेलेलं. मग पूल झाला आणि एका आठवड्यात होडीकडं कुणी फिरकेना. लोक म्हणाले, विकून टाक. मामांनी ती ओढून वर आणली आणि अंगणात ठेवली, "तात्पुरती." मी तिथं गेले तेव्हा त्या पुलाचे कठडे एकदा तुटून पुन्हा बसवून झाले होते, आणि होडी अजून तात्पुरतीच होती.

पुलावर मामांचा भारी राग. दौंडच्या बाजाराला जायचं तर दुसरा रस्ता नाही, पुलावरूनच जावं लागतं. तर हे काय करायचे, जीप पुलाजवळ आली की डोळे मिटून घ्यायचे. मी एकदा शेजारी बसले होते. मला वाटलं, ह्यांना चक्कर आली.

"मामा, काय होतंय?"

"काय न्हाई. पलीकडं गेल्यावर सांगा."

गेल्यावर मी सांगितलं, "आला काठ, उघडा डोळे. पूल संपला."

"कंचा पूल?" म्हणाले आणि आरामात तंबाखू मळायला लागले. त्यांच्या लेखी तो पूल नव्हताच. कधी विषय निघालाच तर म्हणायचे, "पुलाला काय वो, गाढव गेलं तरी चालतंय. होडीला मानूस लागतं."

आता लाकडाची होडी कोरड्यावर ठेवली की उन्हानं तिच्या फळ्या उलतात आणि पावसानं कुजतात. म्हणून तिला छप्पर हवं. एका बागाईतदारानं पॉलिहाऊसचे जुने पाइप फेकून दिले होते, ते मामांनी मागून आणले. चार पाय, वर कमान आणि कमानीवर ताडपत्री, असं एक शेड उभं केलं. दोन-चार माणसांनी धरलं की उचलून कुठंही नेता येईल असं. मुद्दाम तसं. धरणांतून पाणी सोडलं की भीमा चढते, कधीकधी पार अंगणाला लागते. मग होडी वर सरकवायची, आणि होडी सरकली तर तिच्या डोक्यावरचं छप्परही सरकलं पाहिजे. हे ठीक होतं. पण उचलता येणारं छप्पर वाऱ्यालाही उचलता येतं, आणि सगळी रामकहाणी तिथंच सुरू झाली.

"मामा, पाय सिमेंटमध्ये गाडा की," मी नवीन होते तेव्हा शहाणपणा केला.

माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी त्यांनाच गाडायला सांगितलं. "गाडलं की संपलं, बाई. गाडल्याली वस्तू पुन्यांदा नदीकडं जाती व्हय?"

तेव्हा मला कळलं की हा माणूस अजून नदीकडं जायच्या बेतात आहे. हसू आलं, आणि खोटं कशाला बोलू, जरा गलबललंही.

मामींना मात्र गलबलायला सवड नव्हती. त्यांच्या स्वैपाकघराचा पत्रा गळायचा. पावसाळ्यात चुलीपाशी पातेलं ठेवून भाकरी थापायच्या आणि तोंडाचा पट्टा चालू. "माज्या चुलीवर टपाटपा गळतंय, आन् तिला बगा, दर साली नवीकोरी ताडपत्री! रातचं पांघरून घालून अंगाई म्हनायची तेवढी राह्यलीय."

मामा शांत. "तुला उठून बाजूला सरकता येतंय. तिला येतंय का?"

"मग मलाबी डांबर फासा आन् ठेवा तिच्याशेजारी!"

ही भांडणं ऐकत ऐकत मी पेपर तपासायचे. मुलांना मार्क जरा जास्तच पडायचे.

उन्हाळा चढला, ऊस तुटून रानं मोकळी झाली की आमच्याकडं वळवाआधीचं वारं सुटतं. ते काय सुटतं म्हणता! अडवायला झाड नाही, भिंत नाही. धुळीचा पडदाच चालत येतो. पत्रे वाजतात, कोंबड्या पळतात, वाळत घातलेली लुगडी लिंबावर जाऊन बसतात. मामा रोज दुपारी चिमूटभर भुसा उडवून वारं बघायचे. मी म्हटलं, "मामा, मोबाईलमध्ये सगळं दिसतं." दाखवलं त्यांना, ताशी चाळीस किलोमीटर.

"म्हंजी यष्टीच्या येगानं," मामा म्हणाले. "कुठनं येतंय?"

"दौंडाकडून."

त्यांनी बोटांवर हिशोब केला आणि उठले. "म्हंजी दौंडाहून निघालं की हितं यायला अर्धा तासबी न्हाई लागत!" दौंडात मामींचा भाऊ राहतो. ताबडतोब त्याला फोन. "निघालं का रं तिकडनं?"

मी तोंडावर पदर धरला. पण तो मेहुणाही त्याच मातीचा. अगदी गंभीरपणे म्हणाला, "आत्ताच गेलं दाजी आमच्या हितनं. पत्रं वाजवीत गेलं."

तेव्हापासून ते कायमचंच झालं. मेहुण्याचा फोन आला की मामा धावाधाव करून दोऱ्या आवळायचे आणि पुलाच्या दिशेला तोंड करून पाहुणा यावा तशी वाट बघायचे. कधी वारं यायचं. कधी नाहीच यायचं, मग त्यांना अपमान झाल्यासारखं व्हायचं. "मधीच इनामगावाला उतरलं असंल," असं म्हणून घरात जायचे.

छप्पर धरून ठेवायला त्यांनी काय काय केलं, ते सांगायला बसले तर भाकरी करपतील. आधी लोखंडी खुंट्या ठोकल्या. पण आमची जमीन काळी, उन्हाळ्यात भेगाळते. ठोकलेली खुंटी आठ-पंधरा दिवसांनी दुधाच्या दातासारखी हलायला लागायची. पहिल्याच मोठ्या वाऱ्यात खुंट्यांसकट छप्पर उडालं आणि बांधापलीकडं आबांच्या झेंडूत पडलं. आबा म्हणजे शेजारचे बागाईतदार, मामांपेक्षा वयानं मोठे, लग्नसराई धरून झेंडू लावणारे. त्यांनी तेव्हा काही मनावर घेतलं नाही. "वारं हाय, चालायचंच," म्हणाले.

मग लिंबाच्या झाडाला बांधून बघितलं. वारं आलं की झाडच झोके घ्यायचं आणि छपराला नाचवायचं. "जे सोताच हलतंय ते दुसऱ्याला काय धरनार?" असं म्हणून मामांनी लिंबाचा नाद सोडला. म्हशीच्या खुंट्याला बांधलं, तर वाऱ्याआधी म्हैसच बिथरली.

मग त्यांना सुचलं वजन. नदीतून वाळू आणून पोती भरली आणि छपराच्या पायांना बांधली. अहो, भीमेच्या काठी कुणी वाळू उघड्यावर ठेवतं का? ह्या भागात दारात सोनं ठेवा, एक वेळ राहील. रोज एक पोतं कमी व्हायला लागलं. वस्तीवर कुणाचं तरी न्हाणीघर बांधायचं चाललं होतं, आणि जसं जसं ते न्हाणीघर वर जाऊ लागलं तसं तसं आमचं छप्पर हलकं होऊ लागलं. मामा नवी पोती भरत राहिले. शेवटी कुणी तरी वर कळवलं, आणि एक दिवस तलाठी भाऊसाहेब मोटारसायकलवरून दारात.

"मामा, वाळूचा साठा केलाय म्हणं तुमी."

"साठा न्हाई भाऊसायेब. वजन हाय."

"कशाचं वजन?"

"छपराचं."

"आन् छप्पर कशाचं?"

"होडीचं."

भाऊसाहेबांनी होडीभोवती एक फेरी मारली, तुळशीला चुकून पायही लागला. "ही जाती कुठं?"

"कुठंच न्हाई."

"मग?"

"मग काय? जात न्हाई म्हनूनच तर हितं हाय."

भाऊसाहेबांनी घाम पुसला आणि माझ्याकडं वळले. "बाई, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्ही तरी सांगा हे काय आहे."

मी हात जोडले. "भाऊसाहेब, मी इथं भाड्यानं राहते."

बिचारा चांगला माणूस होता. मामींच्या हातचा चहा प्याला आणि सांगून गेला, वाळू होती तिथं नेऊन टाका, मी काही बघितलं नाही. मामांनी ती सगळी पोती परत नदीत नेऊन ओतली. मामी काठावर उभ्या राहून, हसून हसून पोट धरत होत्या.

मग आले ड्रम. कारेगावच्या भंगारवाल्याकडून कंपन्यांचे निळे प्लॅस्टिकचे ड्रम आणले, धुतले, प्रत्येक पायाला एक ड्रम करकचून बांधला आणि काठोकाठ पाणी भरलं. ही युक्ती खरंच चांगली होती. भरलेला ड्रम दोघांना हलत नाही, आणि पूर आला की पाणी ओतून टाकायचं, झालं हलकं. मामा खूष. पण त्यांनी एक गोष्ट धरलीच नव्हती, मामी. आमच्याकडं मोटारीला लाइट कधी येईल आणि कधी जाईल ह्याचा नेम नाही. नदीत जलपर्णी आणि वास. आता दारात गार पाण्याचे चार ड्रम भरलेले असताना कुठली बाई डोक्यावर हंडा घेऊन विहिरीला जाईल, तुम्हीच सांगा. मामी शहाण्या होत्या. एकाच ड्रममधून घ्यायच्या नाहीत, चारींतून सारखं घ्यायच्या. मामा येता-जाता टिचकी मारून बघायचे, कलिंगड बघतात तसं, आणि ओरडायचे, "पानी कुणी काढलं?"

"उन्हानं आटलं आसंल," मामी आतून.

त्या एप्रिलात मामा बाजाराला गेले, आणि मामींनी घरातल्या झाडून सगळ्या गोधड्या धुवायला काढल्या. मीही माझी चादर दिली, लपवत नाही. संध्याकाळी मेहुण्याचा फोन आला तो मामींनी घेतला. "निघालंय? निघू दे," म्हणाल्या आणि गोधड्या वाळत घातल्या.

वारं आलं. रिकामे ड्रम ढोलासारखे वाजले, आणि छप्पर उठलं. बांध ओलांडून आबांच्या झेंडूतून फरफटत गेलं, तिथून पुन्हा उचललं आणि दिसेनासं झालं. दोरीवरची एक गोधडीसुद्धा पडली नाही, कारण ती दोरी मामांनी बांधलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या शाळेला गेले, तर मैदानाच्या मधोमध छप्पर. उताणं नाही, आडवं नाही. चारी पायांवर उभं, रिकाम्या ड्रमांसकट, शपथ घेऊन सांगते. आणि त्याच्यापुढं आमचे मुख्याध्यापक मोबाईल घेऊन. "बाई! शेड मंजूर झालं वाटतं! किती वर्षं मागत होतो!" फोटो काढून ग्रुपवर टाकूनही झाला होता. माझा वर्ग त्या सावलीत जाऊन बसलासुद्धा. मामा छप्पर न्यायला आले तेव्हा सर हिरमुसले, मला त्यांच्याकडं बघवेना.

पण ह्या वेळी आबांनी हसण्यावारी नेलं नाही. लग्नाच्या ऐन दाट तिथी आणि झेंडूच्या मधल्या सऱ्या भुईसपाट. दुसऱ्या दिवशी दूध डेअरीवर, सगळी वस्ती किटल्या घेऊन उभी असताना, ते मामांना म्हणाले, "तुजी होडी तुज्या दारात, आन् तिचं छप्पर दर साली माज्या झेंडूत. एवढं कर, होडीच आनून ठेव माज्या रानात. दोगं एका जागी तरी नांदतील."

लोक हसले. मामांना हसणं सोसायचं नाही, त्यातून होडीवरचं तर मुळीच नाही. किटली खाली ठेवली आणि म्हणाले, "आबा, पुन्यांदा माजं छप्पर उडून तुमच्या झेंडूत पडलं, तर होडी मोडीत इकीन. चार मानसांत सांगतो."

आबा चपापले, कारण मामांचा शब्द म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत होतं. पलीकडं थांबलेल्या माणसाला "येतो" म्हणून सांगितलं, की पाणी चढो नाही तर अंगात ताप असो, होडी जायचीच. त्या शब्दावर दोन तालुक्यांची माणसं नदी ओलांडत होती. आता तोच शब्द त्यांनी रागाच्या भरात होडीवरच लावून ठेवला होता.

मामींना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बरं झालं. शेरडं बांधायला जागा हुईल." पण त्या दिवशी त्यांनी भाजीत दोनदा मीठ घातलं. मी गप खाल्ली.

त्यानंतर मामांची गंमत करायची सोय राहिली नाही. दुपारी बघावं तर होडीत जाऊन बसलेले, छपराकडं बघत. जेवायला हाक मारली तरी लक्ष नाही. मलाही वाईट वाटायला लागलं होतं. ह्या होडीपायी माझी स्कूटी बांधली जायची, मी चिडायचे, तरी ती मोडीत जाणार म्हटल्यावर आता सकाळची गाठ मुकाट्यानं सोडवायचे. आणि एक दिवस मामा उड्या मारतच बाहेर आले. "बाई, घावलं! ज्याचं छप्पर त्यानंच धरायचं!"

म्हणजे छप्पर होडीलाच बांधायचं. चारी पायांपासून दोर घेऊन होडीच्या खालून काढले, वरून आवळले, त्यांच्या त्या न सुटणाऱ्या गाठी मारल्या. होडी जड. छप्पर उडायचं तर होडी घेऊन उडावं लागेल. बारीकसारीक वारं येऊन गेलं, छप्पर हललंही नाही. मामांच्या चेहऱ्यावर तकतकी आली. मामीही ड्रमचं पाणी बिनधास्त वापरायला लागल्या.

मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली आणि मी गावी जायला बॅग भरत होते, त्या दुपारी मेहुण्याचा फोन आला. ह्या वेळी तो गंभीर नव्हता, घाबरलेला होता. "दाजी, लई मोठं हाय. आमच्या शेजारचं पत्रं गेलं."

मामांनी भुसा उडवला नाही. दौंडाकडं बघितलं. तिकडचं आभाळ तांबडं-काळं झालं होतं. आबा बांधावर येऊन उभे, झेंडूकडं एकदा, छपराकडं एकदा बघत. "टिकंल का रं?"

"टिकंल," मामा म्हणाले, पण आवाज कोरडा.

ते आलंच. पुलावरची धूळ उठून नदीवर आली, नदीवरून अंगणात. डोळे उघडवेनात. ताडपत्री फुगली, दोर ताणले, आणि मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, होडी हलली. ती जड होडी! पुढचं टोक जमिनीवरून वर झालं आणि दण्णकन खाली आलं. पुन्हा वर झालं. मामांनी उडी मारली आणि होडीत जाऊन बसले, पुढच्या टोकाला, दोन्ही हातांनी दोर धरून. टोक खाली राहिलं, पण मागचं उठायला लागलं.

"आवं, उतरा! मरायचंय का!" मामी पडवीतून किंचाळल्या.

"तू आत जा!"

मामी आत गेल्या नाहीत. पदर खोचला, धुळीतून धावत आल्या आणि धप्पकन मागच्या टोकाला जाऊन बसल्या. लग्नाच्या दिवशी पलीकडून ह्याच होडीतून आल्या होत्या, मधल्या धारेत ओकारी झाली होती, आणि त्यानंतर पाय ठेवणार नाही म्हणून ठेवला नव्हता. आता डोळे गच्च मिटून बसल्या होत्या आणि ओरडत होत्या, "बाई! बगत काय उभ्या ऱ्हायलाय? या की!"

मी गेले. मी काय, माझी भरलेली बॅगसुद्धा टाकली आत. आबांना मामींनी नुसतं बोट दाखवलं. "आबा, झेंडू वाचवायचा आसंल तर बसा!" आबा धोतर सावरत चढले. रस्त्यावरून कारेगावच्या कंपनीतली पहिली पाळी करून आमच्याच वस्तीवरचा एक जण मोटारसायकलवर येत होता, मागं त्याचा बिहारी दोस्त. वाऱ्यानं दोघंही गाडीसकट आडवे होता होता वाचले होते. त्यांनाही हाका मारून वर घेतलं. तो बिहारी पोऱ्या घाबरून मला विचारतो, "मॅडम, ये नाव जाएगी कहाँ?"

"कहीं नहीं जाएगी, तुम बैठो!"

आणि मग मामांना काय झालं देव जाणे. उभे राहिले, एक हात दोरावर, आणि असा खणखणीत आवाज लावला, जो मी इतक्या वर्षांत ऐकला नव्हता. "मधी बसा! कडंला कुणी रेलू नगा! बाई, बॅग पायात घ्या. आबा, तुमी डाव्या अंगाला सरका. आन् वर बगू नगा, फुडं बगा!" वाऱ्यानं एका बाजूनं रेटलं की ते "उजवीकडं" म्हणायचे आणि आम्ही सगळे उजवीकडं. "आता डावीकडं," की सगळे डावीकडं. आबा सत्तरीचे, निमूट सरकत होते. होडी कुरकुरत होती, ताडपत्री डोक्यावर फाडफाड वाजत होती, मामी देवाचं नाव आणि नवऱ्याला शिव्या एकाच दमात देत होत्या. आणि मामांचा चेहरा असा उजळला होता की मला भीती वाटायचीच बंद झाली. भरलेली होडी होती त्यांची! पूल झाल्यापासून पहिल्यांदा माणसांनी भरलेली.

किती वेळ गेला सांगता येत नाही. शेवटी जोर ओसरता ओसरता एक झपाटा आला आणि ताडपत्रीचा मागचा अर्धा भाग टर्रकन फाटून निघून गेला. मग टपोरे थेंब आले आणि वारं पडलं. पाइप जागच्या जागी होते, दोर जागच्या जागी, गाठी तर विचारूच नका. पण बांधापलीकडं, झेंडूच्या सऱ्यांवर, ताडपत्रीचं ते फाडकं पसरलं होतं.

मामांनी ते बघितलं. आम्ही सगळ्यांनीच बघितलं.

"पडलं आबा तुमच्या झेंडूत," मामा म्हणाले.

"अर्धंच पडलंय," मी मध्ये बोलले. "आणि छप्पर कुठं उडालं? ते तर इथंच आहे. फाटणं वेगळं—"

"न्हाई बाई. अर्धं तर अर्धं. शब्द तुकड्यात मोजीत न्हाईत." त्यांनी हातातला दोर सोडला. त्या दोरानं तळव्याची सालटं निघाली होती. "उद्या इकतो. उतरा समदी."

"इकतो म्हंजी?" मामींचा आवाज चिरकला. "मी काय उगाच जीव मुठीत धरून बसले व्हय एवढा येळ?"

मामा पुन्हा म्हणाले, "उतरा."

कुणी हललं नाही. बिहारी पोऱ्या उठायला गेला, त्याला त्याच्या दोस्तानं खाली ओढला. आबांनी टोपी काढली, तिच्यातली धूळ झटकली आणि परत घातली. झेंडूकडं त्यांनी मान वळवून बघितलंही नाही.

"का रं," ते म्हणाले, "पलीकडं पोचलो का आपून?"

मामा त्यांच्याकडं बघत राहिले. "न्हाई."

"मंग मधीच उतरवतूस व्हय मानसं? माजी काय दोन सऱ्या गेल्या आसतील, त्या माज्या मी बगीन. तू तुजं काम कर."

मामांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पावसाच्या नव्हत्या, सरळ सांगते. त्यांनी बाहीनं तोंड पुसलं, मागं वळून मामींकडं बघितलं, आणि पुढच्या फळीवर हळूच टेकले.

"मंग बसा गप," म्हणाले. "उठू नगा कुणी."

आणि आम्ही बसून राहिलो.